अध्याहृत कर्म

आपा गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी चिकलठाण्याच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. "नसरीन आपा गेल्या गं. तू निघ लवकर, खाली माणसं जमलीत आणि भांडतायत." मला वाटलं, आई रडतेय म्हणून मला काहीतरी भलतंच ऐकू आलं. रिक्षानं घरी पोचले तर खरोखरच भांडत होते. टी. व्ही. सेंटरच्या मागच्या गल्लीत आमचं दुमजली घर आहे आणि वरच्या खोलीत आपा भाड्यानं राहायच्या. हॉस्पिटलातून त्यांना सकाळीच तिथं आणलं होतं. वर बायकांनी त्यांना गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, घालून कफनात गुंडाळलं होतं. खाली बाबांच्या स्कूटरभोवती उभे राहून पुरुष ठरवत होते की, दारात आलेला माणूस या बाईचा कोण लागतो. तो माणूस म्हणजे रफीकभाई. तो नवरा असेल तर त्याला तोंड पाहता येणार होतं आणि माती कुठं द्यायची तेही तोच ठरवणार होता. नवरा नसेल तर तो परका पुरुष, त्यानं गेटाबाहेर थांबायचं. आपा जिवंत असताना हा प्रश्न अनेकांनी अनेकदा सोडवला होता, आणि दर वेळी आपांनी मध्ये काहीतरी बोलून तो बिघडवला होता. आता त्या बोलू शकत नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांचं काम सोपं झालं होतं.

आपा शाळेत मराठी शिकवायच्या. मुसलमान बाई मराठी शिकवते म्हणून कोणी भुवई उंचावली की त्या म्हणायच्या, "कन्नडजवळच्या खेड्यातली हाय मी. आमच्या म्हशीलासुद्धा मराठीच कळायचं." मी त्यांच्याकडे शिकायला बसले ते नववीत. माझे आजोबा बाबासाहेबांच्या हाकेनंतर गाव सोडून शहरात आलेले. मुलगी इंग्रजीतच शिकणार हे बाबांनी माझ्या जन्माआधी ठरवलं होतं. ती शिकली, आणि घरच्या भाषेत मुकी झाली. मी 'माझी डोकं दुखते' असं म्हणायचे, म्हणून मग बोलायचंच टाळायचे. पहिल्या दिवशी माझा निबंध वाचून आपा म्हणाल्या, "तुझं मराठी पाहुण्यासारखं आहे. पलंगाच्या कडेवर बसतं, पाणी विचारलं तर नको म्हणतं." मी रडले. त्यांनी रडू दिलं, मग विचारलं, "झालं? आता 'रडणे' सकर्मक की अकर्मक ते सांग." मायाळू म्हणावं अशा त्या नव्हत्याच. जिभेला धार होती आणि ती वापरताना समोर कोण आहे हे त्या बघत नसत. पण माझ्या चुकीला त्या कधी हसल्या नाहीत. चूक त्यांना माणसापेक्षा जास्त महत्त्वाची वाटायची, म्हणून असेल.

तेव्हा त्या शहागंजात सासरी राहायच्या. नवरा रफीकभाई एका कारखान्यात मशीनवर, घरात सासू, जिला सगळे अम्मी म्हणत. अम्मींना फक्त उर्दू यायची, आणि मराठी ही भाजीवाल्यांची भाषा आहे असं त्यांचं मत होतं. लग्नानंतर नवरा-बायकोला त्या दोन खोल्यांत एकमेकांशी खासगी बोलायची सोयच नव्हती. म्हणून आपांनी रफीकभाईंना मराठी शिकवलं. अम्मी समोर बसलेल्या असताना ते दोघं मराठीत बोलत... आज किती थकलास, तुझी आई आज फारच करतेय, रविवारी वेरूळला जाऊ. रफीकभाईंचं मराठी मोडकंतोडकं होतं, पण प्रेम करायला पुरत होतं. भांडायलाही पुरायला लागलं तेव्हा ते भांडणंही मराठीतच करू लागले. अम्मी नुसत्या दोघांची तोंडं बघत बसत. आपा मला एकदा म्हणाल्या होत्या, "एक अख्खी भाषा आम्ही पडद्यासारखी लावली होती."

एका संध्याकाळी रफीकभाई कंपनीतून आले ते तापूनच. सुपरवायझरशी भांडण झालं होतं आणि ते नोकरीवर लाथ मारून आले होते. आपा चुलीपाशी... म्हणजे गॅसपाशी, पण सांगताना त्या चुलीपाशीच म्हणायच्या. दोघांची बोलाचाली झाली. ती कशावरून, हे आपांनी मला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. एवढं खरं की रफीकभाई त्यांच्याकडे बघत मराठीत म्हणाले, "सोडली. सोडली. सोडली." आणि माठातलं पाणी प्यायला गेले.

अम्मींनी तो एक शब्द तीनदा ऐकला. त्यांना अर्थ कळला नाही, पण तीन कळले. त्यांनी शेजारणीला हाक मारून विचारलं, "ये सोडली बोले तो क्या?" शेजारीण म्हणाली, "छोड़ दी." "कित्ते बार बोल्या, सुनी तू?" "तीन बार, खाला." झालं. रफीकभाई पाणी पिऊन आले तोवर त्यांचं लग्न मोडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे मुफ्तीसाहेबांकडे गेले. मुफ्तीसाहेब सभ्य होते, आपा शेवटपर्यंत त्यांचं नाव आदरानंच घ्यायच्या. त्यांनी नजर खाली ठेवून सगळं ऐकलं. एकाच वेळी तीनदा तलाक म्हणणं हे पाप आहे, पण आमच्या मताप्रमाणे पडतात तीनच, असं सांगितलं. पण आधी शब्दाचा निकाल लागायला हवा होता. मराठीतल्या शब्दाबद्दल विचारायचं कोणाला? खोलीत मराठीची जाणकार एकच होती. त्यांनी आपांनाच विचारलं. आपा म्हणाल्या, "हज़रत, मराठी में नौकरी को भी यही बोलते, औरत को भी." नोकरी स्त्रीलिंगी, बायकोही स्त्रीलिंगी, क्रियापद दोघींना सारखंच. मग मुफ्तीसाहेब रफीकभाईंकडे वळले, कारण आता सगळं त्यांच्या नियतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर होतं. "मियाँ, ख़ुदा को हाज़िर जान के बोलो. किसको कहा?" रफीकभाईंनी आईकडे पाहिलं. आईनं हातातली तसबीह, जपमाळ, थांबवली. "इसको," ते म्हणाले. मुफ्तीसाहेबांनी चहा मागवला, वेळ जाऊ दिला, आणि पुन्हा म्हणाले, "सोच के बोलो." रफीकभाई पुन्हा म्हणाले, "इसको."

इद्दत, म्हणजे तीन पाळ्यांची मुदत, तलाक दिलेल्या बाईनं नवऱ्याच्याच घरात काढायची असते. अम्मींना धर्मातले बारीकसारीक नियम पाठ होते, नेमका हाच आठवला नाही. आपा दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे आल्या. बाबांनी वरची खोली उघडून दिली. गल्लीतल्या काकू आईला म्हणाल्या, "तुम्ही भाड्यानं दिलीत? त्यांना?" आणि मग हळहळून, "बिचाऱ्या, त्यांच्यात बाईला काही किंमतच नसते हो." एकाच श्वासात दोन्ही.

त्यानंतर निवाडे येत राहिले. आधी गावाकडून आपांचा धाकटा भाऊ आला. त्याला बहीण घरी न्यायची नव्हती, म्हणून ती सासरी परत जाणंच तिच्या भल्याचं होतं. पण तीन पडल्यावर परत त्याच नवऱ्याशी लग्न करायचं तर मध्ये दुसऱ्याशी निकाह, त्याच्याशी संसार आणि त्याच्याकडून सुटका व्हावी लागते. याला हलाला म्हणतात. मी जिन्यात वही घेऊन बसले होते. तो म्हणाला, "ओळखीतलाच माणूस हाय, बाजी. बायको वारलेला. एका रात्रीचा तर प्रश्न." मग आपांचा आवाज आला, वर्गात हजेरी घेताना यायचा तसा. "तुझ्या बायकोला विचार. तिला रात्र मोकळी हाय का?" तो चप्पल न घालता खाली आला आणि चप्पल घ्यायला परत गेला नाही. ठरवून केलेल्या हलाल्यावर लानत, म्हणजे शाप, आहे, असं नंतर मुफ्तीसाहेबांनीच त्याला सुनावलं म्हणे. भावाचं म्हणणं, मग सोप्या गोष्टी लोकांनी करायच्या तरी कशा.

इद्दत संपायच्या आत अम्मी मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना उचलायला, धुवायला बाई हवी होती. रफीकभाई आता दुसऱ्या जमातीच्या मौलानांकडे गेले. तिथलं मत असं की एका बैठकीत कितीही वेळा म्हटलं तरी तलाक एकच. आणि मुदतीच्या आत नवऱ्याला रुजू करता येतो, म्हणजे बायको परत घेता येते. बायकोनं हो म्हणण्याची गरज नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे मत पहिल्यापेक्षा दयाळू वाटेल. मलाही वाटलं होतं. शुक्रवारी दुपारी रफीकभाई आमच्या गेटाशी आले, हातात नान-खलियाचा डबा. वर बघून मराठीत म्हणाले, "नसरीन, परत घेतली."

खिडकीतून आपांनी विचारलं, "काय परत घेतली?"

"तुला."

"आता बरोबर कर्म लावलंस," आपा म्हणाल्या. "त्या दिवशी कुठं गेलं होतं?"

"मौलानासाहेब म्हणतात, बायकोला विचारायची गरज नाय."

"मग सांगायला कशाला आलास? झालंच की." गल्लीतली दोन पोरं हसली. आपा हसल्या नाहीत. "मला मुफ्तीसाहेबांचा निकाल मंजूर हाय. तीन म्हणजे तीन. तुझ्या तोंडानं, तुझ्या आईसमोर."

डबा मात्र त्यांनी मला आणायला लावला. दुसऱ्या दिवशी घासून परत पाठवला. "खलियाशी माझं भांडण नाही," म्हणाल्या.

मला तेव्हा कळलं नव्हतं. कळायला मला बरीच वर्षं लागली की, जो फतवा सगळ्यांना सगळ्यात क्रूर वाटत होता त्यालाच त्या का धरून बसल्या. स्वतःहून सुटायचं तर खुला मागावा लागतो, आणि त्याला नवऱ्याची संमती लागते. रफीकभाई ती देणार नव्हते. दयाळू मतानं त्या न विचारता परत जाणार होत्या. कायद्याचं तर आणखी वेगळं. एका संस्थेच्या वकीलताई घरी आल्या, मोठ्या जीव लावून बोलणाऱ्या. नव्या कायद्याप्रमाणे हा तलाक झालेलाच नाही, उलट तो देणं गुन्हा आहे, हे सांगून त्या म्हणाल्या, "तुम्ही आजही त्यांच्या पत्नी आहात. अभिनंदन." तक्रार द्या, तो आत जाईल. आपांनी त्यांना चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे नवरा तुरुंगात आणि मी सासूपाशी?" वकीलताई म्हणाल्या, त्या फतव्याला तुम्ही कसं काय मानता, तो बरोबर आहे असं वाटतं तुम्हाला? "बरोबर हाय असं कोण म्हणतंय," आपा म्हणाल्या, "कामाचा हाय." वकीलताई दुखावून गेल्या. नंतर त्यांनी आईला फोन करून सांगितलं, अशा बायकांमुळेच काही बदलत नाही.

शाळेत त्या दिवसांत आपा म्हणजे चालता-बोलता विषय झाल्या होत्या. टीव्हीवर रात्री वाद झाला की सकाळी स्टाफरूममध्ये त्यांच्याकडे वळून बघितलं जाई. जोशीबाई म्हणून एक होत्या. त्यांचा नवरा एक दिवस पुण्याला कामासाठी म्हणून गेला तो परतलाच नव्हता. तिकडे त्याचं दुसरं घर असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. त्या रोज मंगळसूत्र घालून यायच्या. एकदा त्याच म्हणाल्या, "तुमच्यात किती सोपं असतं ना बाई पुरुषांना. तीन शब्द, की मोकळे." आपा वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला निदान क्रियापद तरी मिळालं, जोशीबाई." पुढचा आठवडाभर जोशीबाई शाळेत आल्या नाहीत. हे आपांनी मला स्वतःच सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "वाईट बोलले. चूक नाही बोलले." या वाक्यात त्यांचा सगळा स्वभाव आहे, आणि तो मला कधीच पूर्ण आवडला नाही.

मी एकदाच विचारायचं धाडस केलं. तेव्हा मी कॉलेजात होते, त्यांच्याकडे नुसती बसायला जायचे. म्हटलं, "आपा, ते खरंच तुम्हाला म्हणाले होते का? की नोकरीला?" त्या डोक्याला तेल लावत होत्या. हात थांबला नाही. "वाक्य काय होतं?" "सोडली." "कर्ता?" "मी. म्हणजे ते." "कर्म?" मी वाक्य मनात पुन्हा म्हटलं. "वाक्यात नसतं, पण ऐकणाऱ्यानं धरून घ्यायचं असतं, त्याला काय म्हणतात?" मी म्हणाले, अध्याहृत. "हां. माझं कर्म अध्याहृत होतं." त्या हसल्या, आणि मग हसू मध्येच सोडून म्हणाल्या, "अम्मीनं एक धरलं. मुफ्तीसाहेबांनी एक. मौलानांनी, वकीलणीनं. सगळ्यांनी धरून झाल्यावर मीपण एक धरलं. मला राहायला जागा देईल असं." खरं काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

पोटात गाठ निघाली तेव्हा फार उशीर झाला होता. डोळे पिवळे झाले, जिभेची धार मात्र तशीच. शेवटच्या भेटीत मी मोसंबीचा रस नेला होता. त्या म्हणाल्या, "तू माझी काळजी इंग्रजीत करतेस. तोंडावर दिसते, शब्द नाही येत." मी रसाचा ग्लास त्यांच्या हातात दिला. हॉस्पिटलातूनच भावानं रफीकभाईंना फोन केला. बहीण मेल्यावर तिला गावी न्यायचं, माणसं जमवायची, हे त्याला नको होतं. नवरा परस्पर नेत असेल तर बरं.

म्हणून त्या दुपारी ते आमच्या गेटाशी होते. मी जिन्यात उभी राहिले, माझ्या नेहमीच्या जागी. एक वयस्कर गृहस्थ म्हणत होते, तीन पडलेत, हा ग़ैर आहे, याला आत सोडू नका. दुसरे म्हणत होते, एकच पडला होता आणि यानं रुजू केला होता, बीवी मानो या न मानो, बीवीच. पहिल्यांनी रफीकभाईंना विचारलं, "क़सम खा के बोलो, उस दिन किसको कहा था?" रफीकभाई म्हणाले, "नौकरी को." "मुफ्तीसाब के सामने तो इसको बोले थे." "तब अम्मी थी." कोणी हसलं नाही. म्हातारे म्हणाले, एकदा कबूल केल्यावर फिरता येत नाही. मला क्षणभर वाटलं, आपा जिंकल्या. मग भाऊ पुढे झाला. "कायद्यानं तोच नवरा हाय. तलाक झालाच नाय. झाला म्हणणाराच आत जाईल. लावू का पोलिसांना फोन?" तलाक हा शब्द मोठ्यानं उच्चारायला आता कोणी तयार होईना. म्हाताऱ्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ठीक है, फिर जैसा सरकार बोले." बाईच्या रक्षणासाठी केलेला कायदा बाईच्या भावानं वापरला, आणि रफीकभाई माझ्या शेजारून वर गेले. गुस्ल घालणाऱ्या बाईंनी कफन बाजूला केलं. मी तोंड फिरवलं. जिच्या दारात तो इतकी वर्षं येऊ शकला नव्हता ती आता नाही म्हणू शकत नव्हती, आणि हे पाहण्यासारखं नव्हतं.

कब्रस्तानात बायका जात नाहीत. बाबा खांदा देऊन आले, पाय धुतले, आणि आईला म्हणाले, "सासूच्या कबरीशेजारीच जागा होती." पेपरातल्या छोट्या निवेदनात 'रफीक यांच्या पत्नी' असं आलं. म्हणून हे लिहिते आहे. त्या मराठीच्या शिक्षिका होत्या, एवढं तरी कुठंतरी छापून यावं.

मागच्या रविवारी रफीकभाई सामान न्यायला आले. म्हातारे दिसत होते. ते कूलरची वायर गुंडाळत होते. आपांना एकदा विचारलं ते सोडलं तर मी आयुष्यात कोणाला स्वतःहून असा प्रश्न विचारलेला नाही. तो विचारला. "रफीकभाई, त्या दिवशी तुम्ही काय सोडली होती?"

ते कूलरवरच बसले. म्हणाले, "बेटा, सच बोलू? याद नाही. गुस्सा होता... मुँह से निकलता गया. पानी पी के आया तो सब लोग रो रहे थे." मग म्हणाले, "सबने पूछा. क़सम दे दे के पूछा. नसरीननं कधी विचारलं नाही."

त्या का विचारणार? याच्याकडे उत्तर नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ते कूलर, पलंग, शिलाईचं मशीन घेऊन गेले. खोलीत आता काही नाही. फक्त दाराला आतून एक जाड लोखंडी कडी आहे, आमच्या घरातल्या कुठल्याच दाराला तशी नाही. आई म्हणाली, आल्या त्याच आठवड्यात आपांनी सुतार बोलावून बसवून घेतली होती. घट्ट आहे, लावायला दोन्ही हात लागतात. मी तिथं जमिनीवर बसून हे लिहिते आहे. नवीन भाडेकरू पहिल्या तारखेला येणार आहेत, नवरा-बायको आणि त्याची आई. बाबा म्हणाले, ती कडी काढून टाकू, गंजलीय. मी म्हटलं, राहू द्या.